माळकऱ्याचं लिव्हर

वडगाव मावळ
२७ ऑक्टोबर २०२५

दादा,

नमस्कार पुढच्या पत्रात, आधी भांडण.

भाऊबीजेला मी सकाळी अकरापासून पाट मांडून बसले होते. रांगोळी काढली, ती मांजरानं तुडवली, पुन्हा काढली. चार वाजता दारात कोण उभं? तुमच्या गावचा दत्तोबा! एका हातात भाजीपाल्याची रिकामी पाटी, दुसऱ्या हातात तू पाठवलेली साडी. "श्रीपतीदादाला कापणीचं काम हाय," म्हणाला. मग मी त्यालाच पाटावर बसवून ओवाळलं. काय करू, निरांजन लावून झालं होतं. बिचारा लाजून मान वर करेना, पण करंज्या मात्र सात खाल्ल्या.

तीस वर्षांत तुझी भाऊबीज चुकली नाही. आपल्या लग्नांच्या आधीपासून भात दिवाळीतच कापतात, तेव्हा कापणीचं कारण दुसऱ्या कुणाला सांग. मी तुझी बहीण आहे, शेजारीण नाही.

फोन करावा तर तो सरूवहिनी उचलते, आणि तुमच्या घरी फोन कायम स्पीकरवर. मागच्या वेळी तू म्हणालास, "बरा हाय." मागून वहिनी म्हणाली, "बरा कशाचा, डोंबल!" आणि फोन बंद झाला. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे. म्हणून हे पत्र. दत्तोबा रोज माळवं घेऊन लोकलनं इथल्या मंडईत येतोच, त्याच्याकडेच उत्तर दे. नाही दिलंस तर मी स्वतः कार्ल्याला येईन, आणि मग तुझी धडगत नाही.

तुझी भांडखोर बहीण,
मुक्ता

*

कार्ले
३० ऑक्टोबर

मुक्ते,

तू येऊ नको, म्हणून लिवतोय. बाकी लिवायची हौस न्हाई.

दसऱ्याच्या आधी हितं शाळेच्या पडवीत आरोग्य शिबीर झालं. सोनोग्राफी फुकट. फुकट म्हणल्यावर तुझ्या वहिनीनं मला पुढं ढकलला. पोटावर गार गार कायतरी चोपडलं, यंत्र फिरवलं आन् इंग्रजीत कागद दिला. तो मी वाचायला दिला प्रदीपला. आमच्या भजनी मंडळाचा अध्यक्ष. त्याला इंग्रजी येतं आन् गप बसता येत न्हाई. रांगेतल्या चाळीस माणसांपुढं खड्या आवाजात वाचलं, "फॅटी लिव्हर, ग्रेड दोन! म्हंजी लिव्हरवर चरबी!"

तुला सांगायला नको, आपल्याकडं लिव्हर फक्त दारुड्याला असतं. बाकीच्यांना पोट असतं.

झालं. बावीस वर्सं गळ्यात तुळशीची माळ घालून फिरणारा श्रीपती चोरून पितो, ही बातमी मी घरी पोचायच्या आधी घरी पोचली. आन् आता मंडळानं ठरवलंय की दत्तजयंतीच्या सप्त्यात पयला पहारा माझा न्हाई. सात दिस, रातध्याड, वीणा खाली टेकत न्हाई, ह्याच्या गळ्यातनं त्याच्या गळ्यात जाती. पण पयल्यांदा ती माझ्या गळ्यात पडती, बावीस वर्सं. प्रदीप म्हणतो, "आधी लिव्हरचा खुलासा करा, मग वीणा."

मुक्ते, माळेची शपथ, मी दारूला शिवलो न्हाई. फक्त एक शंका हाय. श्रावणात खोकला झालता तवा द्राक्षासव घेतलं, दोन-दोन चमचे, चार दिस. आता बाटली वाचली तर त्यात बी जरा अल्कोहोल असतंय म्हणं!  बाटली नेऊन बांधाला पुरली. पुरताना मान वर केली तर पलीकडच्या बांधावर प्रदीप उभा.

तर आता असं हाय. कुटल्या त्वांडानं भाऊबीजेला येऊ?

तुझा दादा,
श्रीपती

*

वडगाव मावळ
३ नोव्हेंबर

दादा,

बाटली पुरलीस! अरे देवा. आरोप होता तेवढा पुरे नव्हता म्हणून पुरावाही तयार केलास. मी एकटीच स्वयंपाकघरात इतकी हसले, की कोमल धावत आली. सुनेला काय सांगणार? म्हटलं, कांदा डोळ्यात गेला. ती म्हणाली, "कांदा गेल्यावर हसतात का?" हुशार आहे माझी सून.

चार दिवसांच्या आठ-दहा चमच्यांनी काही होत नाही, खुळ्या. ती शंका सोड.

पण आता माझी शंका ऐक. काल वहिनीचा फोन आला होता. तू शेतावर गेल्याचं बघून केला असावा. ती रडत होती रे. म्हणाली, "रोज दिवेलागणीला गोठ्यात जातात, आतून कडी लावतात. अर्ध्या तासानं मिशा पुसत बाहेर येतात, डोळे लालभडक. सकाळी नऊ-नऊ वाजेपर्यंत उठत न्हाईत. महिनाभर देवळात पहाटेचा काकडा झाला, एकदा बी गेले न्हाईत. कुणाशी बोलणं न्हाई. मुक्ताबाई, मी काय समजू?"

दादा, मीही काय समजू? काकड्याला तू नाहीस म्हणजे तो काकडा कसला! गाव काहीही म्हणो. मला फक्त एवढं सांग, गोठ्यात काय आहे?

खोटं लिहिलंस तर मला कळेल. लहानपणी खोटं बोलताना तुझं अक्षर उजवीकडे कलायचं.

मुक्ता

*

कार्ले
७ नोव्हेंबर

मुक्ते,

अक्षर सरळ हाय का बघ.

गोठ्यात चिक्की हाय.

हसू नको. लोणावळ्याला एका चिक्कीच्या दुकानात माझा जुना वर्गमित्र कामाला हाय. तुटलेले तुकडे, चुरा असा किलो-किलोनं स्वस्तात देतो. वैरणीच्या मागं पत्र्याचा डबा ठेवलाय. संध्याकाळ झाली की छातीवर कुणीतरी धोंडा ठेवल्यागत व्हतं. मग गोठ्यात जातो, कडी लावतो, म्हशीच्या शेजारी बसतो आन् खातो. पाव किलो, कधी अर्धा. आन् खाताना रडतो.

का रडतो ते ठावं न्हाई. तीन महिने कारण हुडकतोय. भात चांगला आला. पोराला, उमेशला, कंपनीत कायम केला. म्हैस दूध देती. कारण असतं तर बरं झालं असतं, निस्तरलं असतं. सकाळी जाग येती चारलाच, पण उठायचं म्हणलं की हातपाय माझे न्हाईतच. भजन म्हणावंसं वाटत न्हाई. मला, मुक्ते! मला भजन म्हणावंसं वाटत न्हाई!

आता मी ठरवलंय ते ऐक. सोळा तारखेला, रविवारी, देवळात मंडळाची बैठक हाय. प्रदीप म्हणला, "भाऊ, सगळ्यांपुढं कबूल करा, चूक झाली म्हणा, माळेवर हात ठेवून शपथ घ्या, वीणा तुमची." मी व्हय म्हणणार हाय. पितो म्हणून सांगणार.

गावाला दारुडा कळतो गं. चिडतं, शिव्या देतं, मग माफ करतं. आमच्या मंडळात तिघं दारू सोडून आलेत, त्यांना लय मान हाय, माझ्यापेक्षा जास्त. पण छप्पन्न वर्सांचा बापय गोठ्यात बसून चिक्की खात रडतो म्हणल्यावर काय म्हणतील? येडा झाला म्हणतील. दारू सुटती. येडेपणाचा शिक्का सुटत न्हाई.

हे कुणाला सांगू नको. पत्र भाताच्या शितानं घट्ट चिकटवलंय.

दादा

*

वडगाव मावळ
११ नोव्हेंबर

माझ्या शहाण्या दादा,

जगात लोक दारू पिऊन "नाही पीत" म्हणतात. न पिता "पितो" म्हणणारा तू पहिलाच. तुझा सत्कार करावा की कान उपटावा?

अक्षर सरळ होतं. वाचून मी रडले, म्हणजे कांदा न चिरता. आता माझं ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, ह्यांनाही नाही.

दोन वर्षांपूर्वी, अंगणवाडीचं काम सोडलं त्या पावसाळ्यात, मी एकदा ओट्यापाशी उभी होते. पुढ्यात दोडका होता आणि दुधी होता. भाजी कशाची करावी ते ठरेना. तासभर ठरेना. तीस वर्षं शंभर पोरांचा गोंधळ सांभाळलेली बाई मी, आणि दोडका की दुधी यावर खाली बसून हमसून रडले. असे चार महिने गेले. शेवटी एकटीच तळेगावला गेले, मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्या म्हणाल्या, हे नैराश्य आहे, आजार आहे, आळस नाही, नाटक नाही. तेव्हापासून रोज रात्री एक गोळी घेते. कॅल्शियमच्या डबीत ठेवते. म्हणूनच कोमल सगळ्यांना सांगते, आमच्या आईंची हाडं दणकट आहेत.

तुझं पत्र आल्यावर काल त्यांच्याकडे गेले. विचारलं, "माझा भाऊ थेंबही पीत नाही, मग लिव्हरवर चरबी कशी?" त्या म्हणाल्या, दारू न पिणाऱ्या कितीतरी लोकांना ती होते. खाणं, साखर, वजन, झोप अशी कारणं असतात. मग त्यांनीच विचारलं, "भावाचं मन कसं आहे?" मी गोठ्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, आता संशोधनात असं दिसायला लागलंय, की नैराश्य आणि लिव्हरवरची चरबी यांची काही मुळं एकच असावीत, आईबापांकडून रक्तात येणारी. एक आहे म्हणून दुसरं होणारच, असं मुळीच नाही. पण एकाच घरात असं दिसलं तर त्यांना नवल वाटत नाही. मला आपलं इंद्रायणी तांदळासारखं वाटलं. वास बियाण्यातच असतो, पण किती सुटेल ते पाण्यावर, खतावर. आणि तू तर पाव-पाव किलो गुळाचं खत घालतोयस!

तेव्हा तुझं लिव्हर आणि तुझं रडणं, दोन्ही मिळून एकदाच डॉक्टरांना दाखवायचं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

असं मी तुला सांगते, आणि स्वतः दोन वर्षं डबी लपवते. का, तेही सांगते. हर्षदाला कामशेतचं स्थळ आलंय, माणसं चांगली आहेत. आईला मनाचा आजार, त्यातून तो रक्तातला, असं त्यांच्या कानावर गेलं तर पोरीचं कसं होईल, या भीतीनं मी गप्प आहे. कोण कुणाला शिकवतंय!

पण रविवारी खोटं कबूल करू नकोस. तुझ्या पाया पडते. खोट्या दारूची खोटी शपथ घेऊन मिळालेली वीणा तुझ्या गळ्यात जड होईल.

हे पत्र वाचून फाडून टाक. कुणाला दाखवू नकोस.

मुक्ता

*

कार्ले
१७ नोव्हेंबर

मुक्ते,

घोटाळा झाला. मोठा झाला. बसून वाच.

तुझं पत्र वाचलं. रातभर इचार केला आन् तरी बी रविवारी देवळात खोटंच बोलायचं ठरवून गेलो. माझं भ्याड मन, दुसरं काय. पन्नास-साठ माणूस जमलेलं. बाया एका बाजूला, तुझी वहिनी पदर त्वांडाला लावून. मी उठलो. माळेवर हात ठेवला. म्हणलो, "मंडळी, माझी चूक झाली. मी चोरून..."

तेवढ्यात मागनं दत्तोबा ताडकन उठला. "खोटं! साफ खोटं! त्यानं थेंब घेतला न्हाई! तो चिक्की खातो!"

सगळ्या माना मागं वळल्या.

प्रदीप म्हणला, "तुला रं काय ठावं?"

दत्तोबाचा चेहरा पांढराफटक. इकडं बघतो, तिकडं बघतो. शेवटी म्हणला, "पत्रात वाचलं. माळवलीपासनं वडगावपर्यंत लोकलीत करमत न्हाई मला." आन् मग जे सुरू झाला ते थांबंच ना. पत्र पाठ त्याला! गोठा, म्हैस, धोंडा, रडणं. मग तुझं. गोळी, कॅल्शियमची डबी, दोडका का दुधी, रक्तातली मुळं, इंद्रायणीचा वास. मी त्याचं त्वांड दाबायला धावलो तर माणसांनी मलाच धरला. सांगून झाल्यावर दत्तोबा मटकन खाली बसला आन् स्वतःच रडाय लागला.

मग प्रदीपनं घसा साफ केला. "दारू न्हाई ते बरंच झालं. पण मनाचा आजार म्हणजे... अशा माणसाच्या गळ्यात वीणा द्यावी का? मधीच रडाय लागला तर?"

तवा बायांच्यातनं अंबूबाई बोलली. ऐंशीच्या पुढची म्हातारी, एरवी बैठकीत झोपलेली असती. म्हणली, "रडणाऱ्याला वीणा नको म्हणतोस? मग हे अभंग काय हसणाऱ्यांनी लिवले व्हय रं?"

प्रदीप खाली बसला. वीणा माझीच हाय.

 तुझ्या वहिनीनं घरी आल्यावर आधी चिक्कीचा डबा म्हशीपुढं रिकामा केला, मग माझ्या गळ्यात पडून रडली, मग म्हणली, "मला सांगायचं न्हाई व्हय? मी मेली व्हती का?" 

आन् आणखी एक गंमत. दिवेलागणीला प्रदीप गोठ्यात आला. म्हशीची चौकशी केली. मग हळूच म्हणला, "त्या तळेगावच्या बाईंचा नंबर मिळंल का? माझ्या मेहुण्यासाठी." आज सकाळी दोघं आणखी आले. एकाला चुलत्यासाठी पायजे, एकाला साडूसाठी. आपल्या गावात पाव्हणे लय आजारी दिसतात.

पण मुक्ते, माझ्यापायी तुझं सगळं उघडं पडलं. कामशेत हितनं किती लांब? हर्षदाचं काय व्हईल? मी दत्तोबाशी बोलणं टाकलंय. हे पत्र उमेशकडं देतोय. मला माफ कर.

दादा

*

वडगाव मावळ
२० नोव्हेंबर

दादा,

दत्तोबाशी बोल. त्याचा काहीही दोष नाही. माझं ते शेवटचं पत्र तुला नव्हतंच, त्याला होतं.

तो पत्रं वाचतो, हे मला तीन नोव्हेंबरलाच कळलं होतं. मंडईत मेथीची जुडी देता देता म्हणाला, "आक्का, द्राक्षासवानं काय व्हत न्हाई, तुमी काळजी करू नका." लक्षात आलं त्याच्या? मुळीच नाही! मी मेथी घेतली आणि गप्प घरी आले.

तुझी सात नोव्हेंबरची चिठ्ठी वाचली तेव्हा मला कळून चुकलं की तू खरं बोलणार नाहीस. माझ्या पाया पडण्यानंही नाही. आणि दत्तोबाच्या पोटात तीळ भिजत नाही. तुझी चिक्की तर त्यानं आधीच वाचली होती, तरी तो चार दिवस गप्प राहिला. मनाचं लोक काय म्हणतील, याची त्यालाही तुझ्यासाठी भीती वाटत होती. म्हणून मी माझंही लिहिलं. म्हटलं, दोघांचं आहे म्हटल्यावर त्याला बोलायला धीर येईल. पाकिटाला डिंकसुद्धा कमी लावला.

 लिहिताना तीन कागद फाडले, खरं सांगते. पाकीट दत्तोबाच्या हातात दिलं आणि वाटलं, परत मागून घ्यावं. लोकल सुटेपर्यंत स्टेशनवर उभी होते. नाही मागितलं.

त्याच रात्री घरात सांगितलं. बाहेरून कळण्याआधी. हे म्हणाले, "दोन वर्षं एकटीच जात होतीस? बसनं?" एवढंच म्हणाले, आणि सकाळी स्वतः चहा केला. फार वाईट झाला होता, मी सगळा प्यायले. कोमल म्हणाली, "मला माहीत होतं, आई. कॅल्शियमच्या गोळ्या एवढ्या छोट्या नसतात." आणि हर्षदा म्हणाली, "ज्यांच्या घरात माझ्या आईची गोळी चालत नाही, त्यांच्या घरात मीही चालायची नाही." कामशेतकडून अजून फोन नाही. येईल, नाहीतर नाही येणार. मला वाईट वाटतं. पण झोप लागते.

आता मुकाट्यानं ऐक. मंगळवारी, पंचवीस तारखेला, तळेगावच्या बाईंची अकराची वेळ घेतली आहे. माळवलीला लोकल पकड, मी वडगावला चढते. सोबत लिव्हरचा कागद आण. चिक्की आणू नकोस.

मुक्ता

*

कार्ले
८ डिसेंबर

माझ्या लबाड बहिणीस, जिला आता घाबरून राहतो,

सप्ता पार पडला. काल्याचं कीर्तन झालं, पंगती उठल्या, आज मांडव उतरवला. पयल्या पहाऱ्याला वीणा गळ्यात घातली तवा मी रडलो, प्रदीपला भीती व्हती तसाच.  दत्तोबानं टाळ जरा मोठ्यानं वाजवला, तेवढंच. त्याच्याशी बोलतो आता.

गोळी सुरू हाय. लगेच फरक पडणार न्हाई असं बाई म्हणल्याच व्हत्या. पण काल सकाळी सहाला उठलो. तुझ्या वहिनीला वाटलं चोर शिरला. लिव्हरसाठी रोज लेण्याच्या पायऱ्यांपर्यंत चालत जातो, गोड बंद, तीन महिन्यांनी परत तपासायचं. म्हशीला मात्र चिक्कीची सवय लागलीय, संध्याकाळी हंबरती.

पण मुक्ते, हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी लिवतोय. त्या मंगळवारी तू बाहेर बाकावर बसली व्हतीस, मी आत एकटा व्हतो. बाहेर आल्यावर तू विचारलंस, "काय म्हणाल्या?" मी म्हणलो, "कायबी न्हाई." ते खोटं व्हतं.

बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास?" मी म्हणलो, "बहिणीला." त्या म्हणल्या, "ते मला माहीत आहे. त्याच्या आधी? आईवडिलांपैकी?"

मला लगेच कळलं कोण. 

आई दुपारी भिंतीकडं त्वांड करून निजायची, आठव. कधी दोन-दोन दिस उठायची न्हाई. आपण सगळे तिला आळशी म्हणायचो. बापू म्हणायचे, सगळी आळी म्हणायची. दहावीत असताना, भातलावणीच्या दिसांत, मी सगळ्या बायांपुढं तिला म्हणलो, "ऊठ की आता, नाटकं पुरे झाली." ती उठली. खाचरात आली, दिवस मावळेपर्यंत वाकून रोपं लावली. मला वाटलं, बघा, मी तिला सुधरवली. एवढी वर्सं मला तसंच वाटत व्हतं, मुक्ते. मी गोठ्यात बसून रडायला लागेपर्यंत.

बाईंना म्हणलो, "आईला व्हतं."

त्यांनी विचारलं, "काही उपचार केले होते?"

म्हणलो, "आमी तिला आळशी म्हणत व्हतो. तेवढाच."

 बाईंनी आईचं नाव विचारलं आन् कागदावर लिवलं, "आई, राजेश्वरी. बहुधा नैराश्य. उपचार मिळाले नाहीत." मी खुर्ची पुढं ओढून वाचलं. तिला जाऊन एकोणीस वर्सं झाली. आजारी व्हती, असं तिच्याबद्दल आजवर कुणी म्हणलं न्हवतं.

मी म्हणलो, "बाई, जरा मोठ्या अक्षरात लिवा."

तुझा,
दादा